आबांची पाऊणकी आणि पहिली वेब सर्व्हिस

आमच्या घरात वेब सर्व्हिस फार पूर्वीपासून होती, फक्त ती विजेवर चालत नव्हती. ओटीवर आबा बसलेले असायचे. काकी आतूनच विचारायची, "आज सुकती कधी हा?" आबा उलट विचारायचे, "तिथी काय?" पंचमी म्हटलं की डोळेही न उघडता उत्तर यायचं, "भरती पावणेचाराक. सुकती धाच्या सुमाराक." मग काकी पाटी आणि कोयती घेऊन कर्ली खाडीच्या काठाला तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला निघायची.

आबांचं गणित कोकणात जुनं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तासांत. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तास बारा मिनिटांनी सुकती, म्हणजे ओहोटी. शाळेत पावकी-निमकी-पाऊणकी घोकलेल्या पिढीला यासाठी कागदही लागत नसे.

गेल्या मे महिन्यात भाच्याने फोन केला. बारावी झाली होती, पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा एक कोर्स अर्धा करून सोडला होता. "मामा, लूप येतो, फंक्शन येतं, पण त्याचं करू काय?" मी म्हटलं, आबांची खुर्ची बांधू, म्हणजे तिथी विचारली की भरती-सुकती सांगणारी वेब सर्व्हिस. पुढच्या चार-पाच संध्याकाळी फोनवर बोलता बोलता त्याने जे लिहिलं ते इथे देतो आहे. फोनवर सांगितलं तसंच, देवनागरीत. कोडमधले इम्पोर्ट, इफ, रिटर्न वगैरे शब्द आणि सगळे आकडे तुम्ही इंग्रजी कीबोर्डवरून टाइप करायचे. कॉपी-पेस्ट करता येणार नाही याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. हाताने टाइप केलेल्या चाळीस ओळी चिकटवलेल्या चारशेंपेक्षा जास्त शिकवतात.

वेब सर्व्हिस म्हणजे नेमकं काय, हे आबांवरूनच घ्या. कोणीतरी ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारतो, ती रिक्वेस्ट. ठरलेल्या साच्यात उत्तर जातं, तो रिस्पॉन्स. विचारणारा समोर दिसत नाही. तो माणूस असेल, फोनमधलं ॲप असेल, नाहीतर दुसरा एखादा प्रोग्राम. वेबसाइट माणसाला बघण्यासाठी पान सजवून देते, सर्व्हिस फक्त माहिती देते. आणि मी लहानपणी "आबा, सतरावी तिथी असली तर?" असं विचारल्यावर "सतरावी कसली? आधी पंचांग बघ" असं जे ऐकलं होतं, त्याला आपल्या धंद्यात चारशे नंबरचं उत्तर म्हणतात. त्याच्याकडे येऊच.

आधी कागद

लॅपटॉप उघडण्याआधी एका कागदावर दोन गोष्टी लिहा: प्रश्न कसा येईल आणि उत्तर कसं जाईल.

आपला प्रश्न एकच आहे, तिथीचा आकडा. १ ते १५. पक्ष शुक्ल की कृष्ण याने या गणितात फरक पडत नाही, म्हणून तो विचारायचाच नाही. जे लागत नाही ते मागू नये. फॉर्मवर उगाच वडिलांचं नाव विचारणाऱ्या खिडक्या आपण पुष्कळ पाहिल्यात. एक अडचण मात्र आहे. पंचांगात अमावास्येपुढे १५ नाही, ३० छापलेलं असतं. कोणीतरी ३० पाठवणारच. तेव्हा ३० आले तर १५ धरायचे, हे कागदावरच लिहून टाका.

आजची तिथी प्रोग्रामनेच काढावी असं भाच्याच्या मनात होतं. मी नको म्हटलं. तिथी काही बरोबर चोवीस तासांची नसते. ती साधारण १९ ते २६ तासांच्या दरम्यान कमी-जास्त होते, दिवसाला सूर्योदयाची तिथी धरतात, मधेच एखादीचा क्षय होतो. ते स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या सर्व्हिसने एकच काम करावं.

उत्तरात चार खाने: तिथी, भरती, सुकती आणि टीप. टीप कशाला? कारण हे गणित ढोबळ आहे. खाडीत जसजसं आत जाल तसतसं पाणी उशिरा चढतं, वाऱ्यापावसाने वेळ सरकते. समुद्रात होडी घालायची असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची छापील कोष्टकं किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेचा अंदाज बघायचा, पाऊणकीवर जीव टांगायचा नाही. हे वाक्य उत्तरातच गेलं पाहिजे. तुमचं उत्तर पुढे कोणत्या स्क्रीनवर जाऊन बसेल हे तुमच्या हातात नसतं.

सामान

पायथन ३ लागेल. विंडोजवर बसवताना पहिल्याच खिडकीत खाली 'पाथ'मध्ये टाकण्याची एक चौकट असते, तिच्यावर टिक करा. निम्म्या नवशिक्यांचा पहिला दिवस या एका चौकटीपायी फुकट जातो.

मग भरती नावाचं फोल्डर करा, नाव इंग्रजी अक्षरांत. त्या फोल्डरमध्ये टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून टाइप करा: पायथन, जागा, डॅश एम, जागा, व्हेनव्ह, जागा, पुन्हा व्हेनव्ह. पहिलं व्हेनव्ह हे हत्यार, दुसरं त्यातून तयार होणाऱ्या फोल्डरचं नाव. या कामासाठी पायथनची वेगळी खोली झाली. इथे आणलेलं सामान दुसऱ्या कामात मिसळत नाही. मॅक किंवा लिनक्सवर पायथनच्या जागी पायथन३ लिहावं लागेल.

खोलीत शिरायला विंडोजवर व्हेनव्हच्या आतल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं ॲक्टिव्हेट चालवा. पॉवरशेल कधीकधी परवानगी नाही म्हणून अडवतो. त्याच्याशी वाद न घालता साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा. लिनक्स-मॅकवर सोर्स, जागा, आणि व्हेनव्हच्या आतल्या बिन फोल्डरमधल्या ॲक्टिव्हेटचा पत्ता. ओळीच्या सुरुवातीला कंसात व्हेनव्ह दिसलं की आत आलात. मग पिप इन्स्टॉल फ्लास्क. पिप हे पायथनसाठी सामान आणून देणारं हत्यार. पावसाळ्यात हे करत असाल तर लाईट जायच्या आत उरका.

फ्लास्क ही वेबसाठीची छोटी चौकट आहे. आर्मिन रोनाखर यांनी २०१० साली एक एप्रिलची थट्टा म्हणून जे केलं होतं त्यातून ती उगवली. नवशिक्यासाठी माझी पसंती हीच, कारण ती फार काही लपवत नाही.

एकच ताकीद. तुमच्या फाइलला फ्लास्क डॉट पीवाय हे नाव देऊ नका. पायथन इम्पोर्ट करताना खऱ्या फ्लास्कऐवजी तुमचीच फाइल उचलतो आणि विचित्र चूक दाखवतो. भाच्याने नेमकं तेच नाव दिलं होतं. आम्ही अर्धा तास इंटरनेटला शिव्या घातल्या.

गणित आधी, वेब नंतर

फाइलचं नाव सेवा डॉट पीवाय असू द्या. वेबचं नाव न काढता आधी फक्त आबांची पाऊणकी लिहायची.

तासांत पाऊणपट करण्यापेक्षा मिनिटांत करा. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, त्यामुळे पूर्णांकांवर काम भागतं. दिवसाची मिनिटं १४४०. एका भरतीपासून पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे ७४५ मिनिटं. भरतीपासून सुकती ३७२.

पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीत देता येतात. नोकरीत कोणी देऊ देणार नाही, पण शिकताना मजा येते आणि वाचायलाही सोपं पडतं:

भरती = तिथी * ४५
सुकती = भरती + ३७२

ही खरोखर चालणारी पायथन आहे, फक्त आकडे इंग्रजीत टाइप करा. आणखी एक खोच आहे. मराठी कीबोर्ड काही जोडाक्षरांत, विशेषतः 'वाऱ्या'सारख्या शब्दांत, मधे एक न दिसणारा जोडक घालतात. डोळ्याला शब्द बरोबर दिसतो, पायथन मात्र 'न छापता येणारं चिन्ह, यू अधिक २००डी' म्हणून थांबतो. असं झालं तर ते नाव बदलून साधं ठेवा.

मिनिटांची घड्याळाची वेळ करायला दोन चिन्हं लागतात. दोन तिरप्या रेघांनी भागलं की पूर्ण तास, टक्क्याच्या चिन्हाने उरलेली मिनिटं. ३१५ ला ६० ने भागा: ५ तास, उरले १५. मिनिटं दोन आकडी छापायला विसरू नका, नाहीतर चतुर्थीची भरती ३:० वाजता दिसते. हे करणारं छोटं फंक्शन लिहा, नाव 'घड्याळ'. मग सप्तमीला भरती ५:१५ आणि १७:४०, सुकती ११:२७ आणि २३:५२ आली पाहिजे.

आली? आता १५ टाकून बघा.

एकोणतीस वाजले

भाच्याचा रात्री साडेदहाला फोन. "मामा, पौर्णिमेची दुसरी सुकती २९:५२ ला दाखवतंय."

हिशेब बघा. भरती ६७५ मिनिटांवर, म्हणजे सव्वाअकराला. पहिली सुकती १०४७, म्हणजे १७:२७. दुसरी त्यात ७४५ मिळवून १७९२. दिवस तर १४४० लाच संपला. त्याने लगेच उपाय काढला: १४४० ने भागून बाकी घ्यायची. आलं ५:५२. दिसायला छान, एकोणतीस वाजत नाहीत, प्रोग्राम खूश.

आणि उत्तर चूक. ५:५२ ही उद्या पहाटेची सुकती आहे. आजची पहाटेची सुकती भरतीच्या आधी ३७२ मिनिटं, म्हणजे ३०३ मिनिटांवर, ५:०३ ला होऊन गेली. काकी त्या भरवशावर निघाली असती तर पोचेपर्यंत पाणी पाऊण तास चढलेलं असतं.

हा पाऊण तास येतो कुठून? चंद्राचा दिवस आपल्या दिवसापेक्षा मोठा आहे, साधारण २४ तास ५० मिनिटांचा. पृथ्वी एक फेरी पूर्ण करेपर्यंत चंद्र पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तिला आणखी पन्नास मिनिटं फिरावं लागतं. म्हणून भरती रोज तेवढी मागे पडते. पाऊणकीत ४५ धरलेत ते याच सरकण्याचे. बाकी काढली की आपण चंद्राला २४ तासांच्या घड्याळात कोंबतो, आणि तो कोंबून बसत नाही.

बरोबर रीत अशी की ज्या सुकत्या शक्य आहेत त्या सगळ्या मांडायच्या आणि आजच्या दिवसात बसतात त्याच ठेवायच्या:

डेफ वेळा(तिथी):
    भरती = तिथी * ४५
    भरत्या = [भरती, भरती + ७४५]
    शक्य = [भरती - ३७२, भरती + ३७२, भरती + १११७]
    सुकत्या = [मि फॉर मि इन शक्य इफ ० <= मि < १४४०]
    रिटर्न भरत्या, सुकत्या

यात डेफ, फॉर, इन, इफ, रिटर्न इंग्रजीत. बाकी नावं देवनागरीत चालतील. 'सुकत्या'ची ओळ मोठ्याने वाचा: 'शक्य'मधला प्रत्येक मि घे, पण तो शून्य किंवा जास्त आणि १४४० पेक्षा कमी असेल तरच.

आता १ ते १५ सगळ्या तिथी छापून बघा. अष्टमीला अडखळाल. भरती ६:०० आणि १८:२५. सुकती मात्र एकच, दुपारी १२:१२ ची. इथे प्रत्येक जण पुन्हा कोड उसवायला बसतो. थांबा, कोड बरोबर आहे. आधीची सुकती काल रात्री ११:४८ ला झाली, पुढची उद्या १२:३७ ला, मध्यरात्र उलटल्यावर. दोन सुकत्यांमध्ये साडेबारा तासांच्या आसपास अंतर असतं, तेव्हा महिन्यात असे दिवस येणारच. म्हणूनच उत्तरात 'सुकती १' आणि 'सुकती २' असे दोन पक्के खाने ठेवायचे नाहीत. यादी ठेवायची. यादीत एक असेल, दोन असतील.

आबांना हे माहीत होतं का, मला सांगता येणार नाही. अष्टमीला ते म्हणायचे, "आज पाणी आळशी." आळशी यासाठीही की तो भांगाचा काळ, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण.

दार उघडायचं

गणित पक्कं झालं, आता फ्लास्क. फाइलच्या अगदी वर: फ्रॉम फ्लास्क इम्पोर्ट फ्लास्क, स्वल्पविराम, रिक्वेस्ट. पहिला फ्लास्क लहान एफचा, दुसरा मोठ्या एफचा. पहिलं पॅकेजचं नाव, दुसरा त्यातला क्लास. पुढची ओळ: ॲप बरोबर मोठ्या एफचा फ्लास्क, कंसात नेम, आणि नेमच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर.

मग तळाशी, ॲटच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ: ॲट ॲप डॉट गेट, कंसात अवतरणात तिरपी रेघ आणि भरती. ही दारावरची पाटी. तिच्या लगेच खाली जे फंक्शन लिहाल ते या पत्त्यावर कोणी आलं की धावतं. फंक्शनला नाव द्या 'उत्तर'.

पत्त्यातलं भरती मात्र इंग्रजी अक्षरांत लिहा. देवनागरी पत्ता चालतो, ब्राउझरमध्ये दिसतोही नीट, पण तो व्हॉट्सॲपवर टाकला की एकेका चिन्हाचं टक्के आणि आकड्यांचं नऊ अक्षरी शेपूट होतं. 'भरती'ची भ, र, त आणि वेलांटी ही चार चिन्हं, त्यांची झाली छत्तीस अक्षरं. काकीने ते बघितलं तर तिला व्हायरस वाटेल.

फंक्शनच्या आत रिक्वेस्ट डॉट आर्ग्स डॉट गेट, कंसात अवतरणात तिथी. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर तिथी बरोबर सात असं जे येतं, त्यातला सात यातून हाती पडतो. पण तो आकडा नाही, अक्षर आहे. इंटने त्याचा आकडा करायचा, 'वेळा'ला द्यायचा, आलेली प्रत्येक मिनिटं 'घड्याळ'मधून काढायची आणि महिरपी कंसात चार खान्यांची डिक्शनरी, म्हणजे नाव आणि त्यापुढे माहिती अशी यादी, रिटर्न करायची. फ्लास्क तिचं आपोआप जेसन करतो. जेसन म्हणजे उत्तराचा तो ठरलेला साचा, जो कुठल्याही भाषेतला प्रोग्राम वाचू शकतो.

टर्मिनलमध्ये: फ्लास्क, जागा, दोन डॅश आणि ॲप, जागा, तुमच्या फाइलचं नाव पीवायशिवाय, जागा, रन, जागा, दोन डॅश आणि डीबग. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१, विसर्गासारखे दोन टिंब, ५०००, मग तिरपी रेघ भरती, प्रश्नचिन्ह, तिथी बरोबर ७. १२७.०.०.१ म्हणजे हेच मशीन, ५००० हा त्या घराचा दरवाजा क्रमांक. नव्या मॅकवर ५००० नंबरावर बरेचदा एअरप्ले आधीच बसलेला असतो. तिथे दोन डॅश, पोर्ट, ५००१ असं जोडून द्या.

आणि स्क्रीनवर काय दिसेल? बॅकस्लॅश यू ०९२डी, बॅकस्लॅश यू ०९३०... घाबरू नका, ते 'भ' आणि 'र'च आहेत. फ्लास्क आपणहून बिगर-इंग्रजी अक्षरांना असे कोड लावून पाठवतो. वाचणारा प्रोग्राम ते बरोबर उलगडतो, पण माणसाला डोळ्यांनी बघायचं असेल तर ॲपच्या ओळीखाली लिहा: ॲप डॉट जेसन डॉट एन्श्युअर अंडरस्कोर ॲस्की बरोबर फॉल्स. त्याच धर्तीवर सॉर्ट अंडरस्कोर कीज फॉल्स केलंत तर खाने तुम्ही लिहिलेल्या क्रमाने येतील, नाहीतर फ्लास्क ते वर्णानुक्रमे लावतो. आता दिसायला हवं:

{"तिथी": ७, "भरती": ["५:१५", "१७:४०"], "सुकती": ["११:२७", "२३:५२"], "टीप": "ढोबळ अंदाज. समुद्रात जाण्यासाठी वापरू नये."}

भाच्याने याचा स्क्रीनशॉट घरातल्या ग्रुपवर टाकला. सहा अंगठे आणि एक "जेवलास काय?"

सतरावी तिथी

आता मुद्दाम वाकडं वागा. तिथी न देता नुसतं भरती उघडा. स्क्रीनवर ५०० नंबरची चूक. तिथी नसली तर गेट नन, म्हणजे 'काहीच नाही', देतं, आणि ननचा आकडा करायला गेलं की पायथन टाइपएरर म्हणून कोसळतो. तिथीच्या जागी 'सात' असं अक्षरांत लिहा. पुन्हा कोसळला, पण या वेळी व्हॅल्यूएरर. दोन वेगळ्या चुका आहेत. एकच पकडलीत तर दुसरी निसटते.

आता मराठी ७ टाका, देवनागरी आकडा. चाललं! इंटला देवनागरी अंक समजतात. कोडमध्ये ७ लिहिलेला पायथनला चालत नाही, पण बाहेरून आलेल्या अक्षरांचा आकडा करताना चालतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आबांच्या जुन्या पंचांगातला अंक कॉपी करावा तसा हौसेने दहा वेळा करून पाहिला.

५०० म्हणजे 'माझ्याकडे गडबड झाली'. ४०० म्हणजे 'तू विचारलंस ते चूक'. विचारणाऱ्याला हा फरक कळणं फार महत्त्वाचं, कारण ५०० आलं तर तो थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करेल, ४०० आलं तर त्याने आपला प्रश्न सुधारायला हवा. तेव्हा गणिताच्या आधी तीन पहारे बसवा. पहिला, तिथी नन आहे का. दुसरा, ट्राय आणि एक्सेप्ट व्हॅल्यूएररमध्ये इंट. तिसरा, ३० चे १५ करून झाल्यावर आकडा १ ते १५ मध्ये आहे का. प्रत्येक पहाऱ्यात नापास झाला तर 'चूक' असा एकच खाना असलेली डिक्शनरी, स्वल्पविराम, ४०० असं रिटर्न करा. तो स्वल्पविराम आणि ४०० विसरलात तर चुकीचं उत्तरही २०० नंबराने, म्हणजे 'सगळं ठीक' असं म्हणत जातं. सतराव्या तिथीला आबा हसून मान डोलावतायत असं काहीतरी.

चुकीच्या खान्यात नुसतं 'अवैध' लिहू नका. "तिथी १ ते १५ हवी, अमावास्येला ३० चालेल" असं लिहा. चूक दाखवली की वाटही दाखवावी.

घरातल्या फोनवर

त्याच वायफायवरच्या फोनमधून उघडायचं असेल तर रनच्या पुढे दोन डॅश, होस्ट, ०.०.०.० जोडा आणि डीबग काढून टाका. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. डीबगमध्ये चुकीच्या पानावरून तुमच्या मशीनवर कोड चालवण्याची सोय असते. तिला पिन असला तरी ते दार रस्त्यावर उघडं ठेवू नये. लॅपटॉपचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा, विंडोजवर आयपीकॉन्फिग लिहून मिळतो. तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाका, पुढे ५००० आणि भरती. फायरवॉल विचारेल, खासगी नेटवर्कपुरतं हो म्हणा.

जगासाठी ठेवायचं असेल तर लॅपटॉप चालू ठेवून भागत नाही. आमच्याकडे तर वादळवारा सुटला की लाईट आधी जाते. भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचं. पायथनएनीव्हेअरसारख्या ठिकाणी छोट्या कामापुरतं फुकट खातंही मिळतं. आधी पिप फ्रीझने सामानाची यादी रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटीमध्ये उतरवा. फ्लास्कचा स्वतःचा रन फक्त शिकण्यापुरता आहे, तो स्वतःच तसं टर्मिनलवर सांगतो. त्याच्या जागी खऱ्या वापराचा सर्व्हर प्रोग्राम लागतो: स्वतःचा लिनक्स सर्व्हर असेल तर जीयुनिकॉर्न, विंडोजवर वेट्रेस. पुढे कधी 'आजची' तारीख घालायची ठरवलीत तर एवढं लक्षात ठेवा की परदेशातले सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत त्यांच्याकडे अजून कालचाच दिवस असतो, आणि तिसऱ्यांना जाणारी माणसं नेमकी त्याच वेळी उठतात.

चाचण्याही लिहून ठेवा, पाचच: चारला पहिली भरती ३:००, आठला एकच सुकती, पंधराला पहिली सुकती ५:०३, तीस आणि पंधराचं उत्तर सारखं, सोळाला ४००. काहीही बदललंत की पाची चालवा. भाच्याने सहावी स्वतःच काढली: पौर्णिमेनंतर प्रतिपदा. पौर्णिमेची भरती ११:१५, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेची ०:४५, म्हणजे बारा तासांच्या घड्याळावरची १२:४५, शेजारी ठेवली तर उडी दीड तासाची पडते, एरवी पाऊण. ही चूक कोडची नाही, पाऊणकीची आहे. एका तिथीला खरं सरकणं ४८ मिनिटांच्या आसपास, आपण ४५ धरतो. रोजची तीन-तीन मिनिटं साठून पंधराव्या तिथीला पाऊण तासाचा टाका पडतो. ४५ चे ४८ केले तर टाका जातो, पण ते आबांचं गणित राहत नाही. आम्ही ४५ च ठेवले आणि टीप थोडी लांबवली.

खान्याचं नाव

सर्व्हिस चालू झाली तशी शेजारच्या वाडीतल्या एका मुलीने तिच्यावर पान बनवलं. तिचे बाबा पर्यटकांना खाडीत फिरवतात. पानावर मोठ्या अक्षरांत सुकतीच्या वेळा. मला एका रविवारी वाटलं, पुण्या-मुंबईच्या माणसाला 'सुकती' कळणार नाही, 'ओहोटी' करावं. एक शब्द बदलला, पाची चाचण्या पास, झोपलो. सकाळी तिच्या पानावर वेळांच्या जागी कोरी चौकट. तिचा प्रोग्राम 'सुकती' नावाचा खाना शोधत होता आणि तो आता उरलाच नव्हता.

नवा खाना वाढवला तर कोणाचं बिघडत नाही, जुन्यांचं लक्षही जात नाही. जुन्या खान्याचं नाव बदललं किंवा यादीच्या जागी नुसता शब्द ठेवला, की पलीकडे कुठेतरी काहीतरी कोरं होतं. फारच बदलायचं असेल तर पत्त्यात व्ही२ घालून नवं दार उघडा आणि जुनं काही दिवस चालू ठेवा. मी 'सुकती' परत आणलं, शेजारी 'ओहोटी'ही ठेवलं. दोन्हीत तीच यादी.

काकीला शेवटी फोनवर दाखवलं. त्या दिवशी नवमी होती. तिने चष्मा वर करून वाचलं, १२:५७. "मगे मी निघू कधी?" तिला सुकतीची वेळ नकोच होती. पाणी पुरतं उतरायच्या तासभर आधी काठाला पोचायचं असतं, आणि घरापासून काठापर्यंत तिच्या चालीने वीस मिनिटं. भाच्याने तिथेच बसून सहावा खाना वाढवला, 'निघा', सुकतीतून ८० मिनिटं वजा. ११:३७ आलं. काकीने ओटीवरच्या रिकाम्या खुर्चीवरची पाटी उचलली.